विजयस्तंभावरची नावे कोण वाचतो?

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या कळमन्यात दोन कामे एकाच वेळी चालतात. एकीकडे भीमा कोरेगावला निघणाऱ्या उशिराच्या गाड्या भरल्या जातात. चादरी, भाकरी-चटणीचे डबे, निळे झेंडे, म्हाताऱ्यांची औषधे. दुसरीकडे ज्यांना जाणे जमत नाही ते वस्तीतच विजयस्तंभाची प्रतिकृती उभी करतात. प्लायवूडचा सांगाडा, वर थर्माकोल, त्यावर राखाडी रंग आणि दिव्यांची माळ. रात्री बारा वाजता समता सैनिक दलाच्या पद्धतीने मानवंदना होते, त्रिशरण-पंचशील होते, आणि १ जानेवारीला दिवसभर माणसे येऊन अभिवादन करून जातात.

प्रतिकृती चांगली होते. उंची, निमुळतेपणा, चबुतरा, सगळे पोट्टे मोबाईलवरच्या फोटोवरून मोजून करतात. पण मागच्या वेळी आम्ही तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि थांबलो. चार बाजू होत्या. एकीवर बाबासाहेबांचा फोटो, दुसरीवर अशोकचक्र, तिसरीवर "५०० विरुद्ध २८०००" आणि चौथीवर वर्गणीदारांची नावे. ज्यांच्यासाठी मूळ स्तंभ उभा आहे त्यांचे एकही नाव कुठे नव्हते.

यात मंडळाच्या पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही स्वतः किती वेळा कोरेगावला गेलो, किती वेळा स्तंभासमोर फोटो काढले, आणि त्यावरचा फलक शेवटच्या ओळीपर्यंत किती वेळा वाचला? रांगेत मागून रेटा असतो, पोलीस पुढे चला म्हणत असतात, हातात मेणबत्ती किंवा फूल असते. दोन सेकंद मान लवते आणि माणूस पुढे जातो. गर्दी लाखोंची आहे, हे आमचे बळ आहे. पण स्तंभ काय सांगतो ते वाचायला त्या गर्दीत कुणालाच वेळ मिळत नाही. आणि आता स्तंभाच्या परिसराच्या विकासाची, सुशोभीकरणाची, भव्य स्मारकाची भाषा दरवर्षी होत असताना ही गोष्ट साधी राहिलेली नाही. जे वाचलेच गेले नाही ते विकासात पहिल्यांदा झाकले जाते.

म्हणून आधी त्या दगडाकडेच नीट पाहू.

विदर्भातून रस्त्याने जाणाऱ्याला विजयस्तंभ पुण्याच्या आधी भेटतो. अहिल्यानगरवरून शिरूर, शिक्रापूर, सणसवाडी, मग कोरेगाव भीमा, मग नदीवरचा पूल, आणि पलीकडे पेरणे गावाच्या हद्दीत स्तंभ. लढाई १ जानेवारी १८१८ ची. स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ ला झाली. ३२ फूट लांबी-रुंदीचा दगडी चौथरा आणि त्यावर एकूण ६५ फुटांपर्यंत जाणारा, वर निमुळता होत गेलेला चौकोनी स्तंभ. घडीव, गुळगुळीत केलेला दगड. घोडा नाही, तलवार उगारलेला सेनापती नाही, सिंह नाही, पंख पसरलेली विजयदेवता नाही. शिल्प म्हणावे असे त्याच्या अंगावर काहीच नाही. आहेत ते फक्त फलक, इंग्रजीत आणि मराठीत.

हा आकार मूळचा इजिप्तचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांना त्याचे मोठे वेड लागले होते. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात ड्यूक ऑफ वेलिंग्टनसाठी असाच स्तंभ उभारायला १८१७ मध्ये, म्हणजे कोरेगावच्या लढाईच्या आदल्याच वर्षी सुरुवात झाली. तो पुरा व्हायला १८६१ उजाडले. उंची सुमारे ६२ मीटर, कोरेगावच्या तिपटीहून जास्त. त्याच्या पायथ्याशी तोफा वितळवून ओतलेले ब्राँझचे मोठे उठावचित्रपट्ट आहेत, आणि त्यातला एक हिंदुस्थानातल्या युद्धांचा आहे. पण ते सारे एका माणसाच्या गौरवासाठी. त्याच्या हाताखाली मेलेल्या साध्या शिपायांना तिथे नाव नाही.

कोरेगावला नेमके उलटे घडले. तिथला कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन. त्याच्याजवळ बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, थोडे घोडदळ आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. स्तंभ उभा राहिला तो या तुकडीसाठी, आणि फलकावर शिपायांची नावे कोरली गेली. पडलेल्या शिपायांची ४९ नावे, त्यातली २२ "नाक" प्रत्यय असलेली, म्हणजे महार शिपायांची. मराठा, राजपूत, मुसलमान नावेही त्याच यादीत आहेत. समाजात फिरणाऱ्या मराठी याद्यांमध्ये शमनाक येशनाक, रूपनाक लखनाक, गननाक बाळनाक अशी नावे आढळतात. नीट पाहा, एका ओळीत दोन पिढ्या आहेत. मुलाच्या नावामागे बापाचे नाव, आणि दोघांच्या शेवटी नाक. त्या नाकचा मूळ अर्थ नायक की नाग, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण ज्या माणसाची सावली अंगावर पडू नये म्हणून पेशवाईच्या पुण्यात नियम होते, त्याचे नाव बापाच्या नावासकट पुण्याजवळच्याच रस्त्यावर दगडात कोरले गेले, यात वाद नाही.

हे काम इंग्रजांनी आमच्यावरच्या प्रेमापोटी केले, असे आम्ही म्हणत नाही. फलकावर त्यांनी आपल्या फौजेच्या पूर्वेकडल्या अभिमानाच्या विजयांत कोरेगावची गणना केली आहे. ती साम्राज्याची भाषा आहे, आणि ती तशीच वाचली पाहिजे. साम्राज्याला निष्ठावान शिपाई हवे होते. निष्ठेचे बक्षीस दिसेल असे उभे करणे हा त्यातला हिशेब होता. पण दगडात एकदा नाव कोरले की ते कोरणाऱ्याच्या हिशेबापुरते उरत नाही.

याच इंग्रजांनी शंभर वर्षांनी काय केले ते पाहिले की ही गोष्ट आणखी उलगडते. पहिल्या महायुद्धात हिंदी फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हजारोंनी मेली. तिच्यासाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक झाले. त्यावर इंग्रज शिपायाचे नाव आले, हिंदी अधिकाऱ्याचे आले. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार फक्त संख्या दिली गेली. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने एप्रिल २०२१ च्या अहवालात कबूल केले की आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावाने नोंदच झाली नाही, आणि हा आकडा याहून बराच मोठा असू शकतो. त्यासाठी त्यांनी माफी मागितली. म्हणजे १८२२ च्या सुमारास गननाक बाळनाक हे नाव कोरायला ज्या साम्राज्याला अडचण आली नाही, त्यालाच १९२९ मध्ये हिंदी शिपाई म्हणजे एक आकडा वाटू लागला.

मधल्या काळात त्याच साम्राज्याने आमच्या पूर्वजांना लष्कराचे दारही बंद केले होते. १८९० च्या दशकात "लढाऊ जाती"चे शास्त्र आले आणि महारांची भरती थांबली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेपर्यंत अर्ज नेला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ ला मोडलीही. या साऱ्या लढ्यात आमच्याकडे पुरावा काय होता? कागद सरकारच्या कपाटात होते. उघड्यावर, कुणीही जाऊन बोट ठेवावे असा पुरावा एकच होता, भीमेच्या काठावरचा. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले ते याच पार्श्वभूमीवर. महाडचा सत्याग्रह त्यानंतर अडीच-पावणेतीन महिन्यांनी झाला.

आता आमच्या घराजवळची गोष्ट. कळमना स्थानक सोडले की गाडी कामठीला लागते. कन्हानच्या काठावरची कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली. कोरेगावच्या स्तंभाची पायाभरणीही त्याच वर्षाची. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि १९४२ च्या जानेवारीत दुसरी पलटण उभी राहिली ती आमच्या कामठीत. या दुसऱ्या पलटणीतल्याच एका अधिकाऱ्याने, कॅप्टन मॉर्टलमन्सने, रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्याचा नमुना तयार केला. बिल्ल्यावर होता कोरेगावचा स्तंभ आणि महार हा शब्द. १९४६ ला रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचे केंद्रही काही काळ कामठीतच होते. पुढे ते मध्य प्रदेशात सागरला गेले. बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आल्या, आणि नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला.

स्तंभ काढला म्हणून समाजात अजूनही अधूनमधून हळहळ व्यक्त होते. स्वतंत्र भारताच्या फौजेला कंपनीच्या विजयाचे चिन्ह नको वाटले असेल, तर ते आम्हाला समजते. खरे आश्चर्य दुसरे आहे. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला आम्ही दर सुट्टीत पाहुण्यांना घेऊन जातो, परतताना कामठी छावणीचा रस्ता लागतो, आणि विजयस्तंभ जवानांच्या कपाळावर बसवणारी पलटण याच गावात उभी राहिली हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नसते. त्यासाठी कोरेगावपर्यंत जायची गरज नव्हती.

नागपूरकरांनी आणखी एक उदाहरण डोळ्यासमोर ठेवावे. कोरेगावच्या जेमतेम पाच आठवडे आधी, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, याच युद्धातली एक लढाई सीताबर्डीच्या टेकडीवर झाली. एका बाजूला अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि त्यातले अरब, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या मद्रास पायदळाच्या दोन पलटणी आणि बंगालचे थोडे घोडदळ. तिथेही थोड्या फौजेने मोठ्या फौजेला थोपवले. पुढे टेकडीवर किल्ला झाला. आज तो लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातून मोजक्या दिवशी उघडतो, आत त्या लढाईतल्या इंग्रजांच्या कबरी आहेत. आम्ही मेट्रोतून त्या टेकडीखालून रोज जातो. तिथे मेलेल्या मद्रासी शिपायांपैकी एकाचे तरी नाव नागपुरात कुणाला सांगता येईल? टेकडी मोठी आहे, किल्ला मोठा आहे, पण लोकांच्या मनात ती लढाई उरली नाही. कोरेगावचा स्तंभ त्यामानाने लहान. तिथे माणसे लाखोंनी जातात, कारण तिथे बाबासाहेब गेले, आणि बाबासाहेब गेले कारण तिथे नावे होती.

इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. "५०० विरुद्ध २८०००" ही घोषणा आमच्याच माणसांनी इतकी दिली आहे की ती आता इतिहास वाटते. स्टाँटनच्या तुकडीत पायदळ, घोडदळ, तोफखाना धरून आठशेच्या आसपास माणसे होती, आणि ती सगळी महार नव्हती. पेशव्यांची सारी फौज मिळून २८ हजारांच्या घरात होती हे खरे. पण गावावर चालून आलेल्या तुकड्या सुमारे दोन हजारांच्या होत्या. त्यात अरब होते, गोसावी होते, मराठे होते. दिवसभर पाण्याविना, घराघरांतून लढून ती तुकडी टिकली आणि रात्री पेशव्यांची फौज मागे सरली, एवढे सत्य पुरेसे मोठे आहे. आकडा फुगवला की समोरच्याला तेवढाच धागा मिळतो. तो आकडा खोडून काढतो आणि त्याबरोबर सगळेच खोटे ठरवतो. २२ नावांच्या बाबतीत त्याला हे करता येत नाही. ती दगडात आहेत. मग आमच्या प्रतिकृतीवर आकडा का आणि नावे का नाहीत?

आता विकासाकडे येऊ. १ जानेवारी २०१८ ला द्विशताब्दीच्या दिवशी हिंसाचार झाला. त्यानंतर न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग नेमला गेला, बंदोबस्त वाढला, आणि आता १ जानेवारीची व्यवस्था पुणे जिल्हा प्रशासन आणि बार्टी पाहते. पाणी, शौचालये, वाहनतळ, बस, आरोग्य पथके या सोयी हव्यातच. म्हाताऱ्या बाया लेकरांना घेऊन सातशे किलोमीटरवरून येतात, त्यांना सावली आणि पाणी मिळणे हा हक्क आहे. पण सोय वेगळी आणि स्मारक "भव्य" करणे वेगळे. भव्य म्हटले की आपल्याकडे ठरावीक गोष्टी येतात: मोठी कमान, रंगीत कारंजे, लेझर शो, फायबरचे सैनिक, आणि कोनशिलेवर मंत्र्यांची नावे स्तंभावरच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरात.

नागपूरकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरोधात लोक उतरले ते विकास नको म्हणून नव्हे. खोदकामाने स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका होईल, ही भीती होती, आणि ज्यांची भूमी त्यांना विचारले नाही, हा राग होता. सरकारला काम थांबवावे लागले. जी तोडफोड झाली ती टाळता आली असती, कागदावरचा आराखडा आधी लोकांसमोर ठेवला असता तर. कोरेगावच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये, एवढ्याचसाठी हे आत्ताच बोलायचे.

अमेरिकेत हा वाद चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेला. व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांचे स्मारक वॉशिंग्टनमध्ये १९८२ ला झाले. नमुना माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा. जमिनीत उतरत जाणारी काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यावर ५८ हजारांच्या आसपास नावे, हुद्द्याशिवाय, मृत्यूच्या क्रमाने. पुतळा नाही म्हणून माजी सैनिकांतल्या एका गटाने आणि राजकारण्यांनी मोठा गदारोळ केला. शेवटी तडजोड म्हणून तीन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा १९८४ मध्ये बसवला, पण भिंतीपासून अंतर ठेवून, बाजूला. आज लोक भिंतीपाशी थांबतात, नाव शोधतात, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातही नावांना मान आहे. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुले झाले. चार वर्तुळांच्या त्या रचनेत वीरता चक्रात आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांची ब्राँझची सहा भित्तिशिल्पे आहेत, आणि त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या विटांवर एकेका जवानाचे नाव. उद्घाटनावेळी ती २५ हजार ९४२ होती. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा अर्धपुतळा तिथल्या परमवीरांमध्ये आहे. शिल्प वेगळ्या भिंतीवर, नावे वेगळ्या भिंतीवर. एकाने दुसऱ्याला झाकलेले नाही.

कोरेगावसाठी आमची मागणी फार खर्चाची नाही. स्तंभाला आणि फलकांना हात लावण्याआधी पुरातत्त्वाच्या जाणकारांकडून त्यांची तपासणी व्हावी, प्रत्येक फलकाचे स्पष्ट छायाचित्र आणि ठसा घेतला जावा आणि तो सर्वांना पाहता यावा. ४९ नावांची एक प्रमाण यादी, मूळ इंग्रजी स्पेलिंग आणि देवनागरी वाचनासह, बार्टीसारख्या संस्थेने प्रसिद्ध करावी, आणि तीच यादी रांगेच्या वाटेवर मोठ्या अक्षरात लावावी, म्हणजे तीन तास उभ्या राहिलेल्या माणसाला ती वाचता येईल. १ जानेवारीची फुलांची सजावट फलक उघडे ठेवून करावी. पुतळा किंवा संग्रहालय करायचेच असेल तर ते दूर, स्तंभाच्या नजरेआड. आणि कामठीत, लष्कराच्या परवानगीने, महार रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीची आठवण सांगणारा एक साधा फलक.

आमच्या कळमन्यात मात्र यंदा कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही असे ठरले आहे. प्रतिकृतीच्या एका बाजूवर नावे लिहायची. वर्गणीदारांची यादी बाजूच्या बोर्डावर जाईल. एक-दोघे नाराज झाले, मग तयार झाले. अडचण वेगळीच निघाली. पोट्ट्यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन याद्या आणल्या आणि तिन्हींत अक्षरे वेगळी आहेत. एकीत शमनाक तर दुसरीत सामनाक, एकीत येशनाक तर दुसरीत यसनाक. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले, आणि आता मराठीत प्रत्येकजण आपापल्या कानाने वाचतो आहे. म्हणून यंदा जे कोरेगावला जात आहेत त्यांच्यापैकी दोघांवर एकच काम सोपवले आहे. गर्दी उसळण्याच्या दोन दिवस आधी पोहोचायचे, वही-पेन घेऊन चारही फलकांसमोर उभे राहायचे आणि एकेक नाव जसे आहे तसे उतरवून आणायचे. ते ३० डिसेंबरच्या रात्री फोनवर यादी वाचून दाखवतील. रंगवणारा तोपर्यंत ती बाजू कोरी ठेवणार आहे.